मदत हवी आहे: एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) मधले जळालेले एसएमडी (बोर्डावर वरूनच चिकटवलेले बारके) पार्ट ओळखायचे कसे?

खानापूर_डेअरी: सप्लाय जळालाय. सहा पायांचा बारका आयसी फुटलाय, नंबर वाचता येत नाही. शेजारचा रेझिस्टर कोळसा झालाय. फ्यूज दोनदा बदलला, दोनदा गेला. सहाला दूध घ्यायचंय. कोणते पार्ट असतील, लवकर सांगा.

निपाणी_रिपेअर: कशाचा सप्लाय? किती व्होल्ट, किती अँपिअर? मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा पार्ट) तपासला?

खानापूर_डेअरी: दुधाचं फॅट मोजायच्या मशीनचा. १२ व्होल्ट, ५ अँपिअर. मॉस्फेटचे तिन्ही पाय शॉर्ट दाखवतात.

निपाणी_रिपेअर: मग फ्यूज टिकणार कसा? मॉस्फेट शॉर्ट झाला की ३०० व्होल्टच्या वरचा डीसी त्याच्या गेट पायातून आयसीत शिरतो. सोर्स पायाखालचा सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा) पण जातो. मोठा कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा, ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड पण बघा.

शहापूर_बेळगाव: कशाला एवढा व्याप? नवा सप्लाय आणा की.

खानापूर_डेअरी: जांबोटीच्या पुढं गाव आहे आमचं. या पावसात बेळगावला जाऊन सहाच्या आत परत येणं जमायचं नाही.

चिकोडी_दूध: फॅट कमी दाखवत असेल तर सेन्सर गरम पाण्यानं धुवा. आमचं तसंच होतं.

खानापूर_डेअरी: अहो, मशीन चालूच होत नाही!

शहापूर_बेळगाव: रेझिस्टर ०.३३ ओहमचा टाका. मी नेहमी तोच टाकतो.

निपाणी_रिपेअर: असा अंदाजानं टाकू नका. कमी ओहमचा पडला तर करंट उशिरा अडतो आणि नवा मॉस्फेट पण जातो. जळालेल्याला समांतर दुसरा रेझिस्टर आहे का?

खानापूर_डेअरी: आहे. काजळी ब्लेडनं खरवडली. त्यावर आर६८ आहे.

निपाणी_रिपेअर: म्हणजे ०.६८ ओहम. अशी जोडी बहुतेक सारखीच असते, दोन मिळून ०.३४. एवढ्या कमी ओहमला मीटरवर विश्वास ठेवू नका, नुसत्या वायरीच ०.२ दाखवतात. आता आयसीचे पाय शोधा. बारक्या रेझिस्टरमधून मॉस्फेटकडे जातो तो गेट, सोर्सकडचा सेन्स, ऑप्टोकप्लरकडचा (आउटपुटची खबर प्रकाशानं आणणारा पार्ट) फीडबॅक, ट्रान्सफॉर्मरच्या जादा गुंडाळीच्या डायोडकडून येतो तो सप्लाय. पायांचा क्रम लिहून पाठवा, आयसीच्या डेटाशीटशी (कंपनीचा माहितीचा कागद) जुळवू. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब लावा.

शहापूर_बेळगाव: बरं, ०.३३ आणि ०.३४ मध्ये फरक तो काय?

निपाणी_रिपेअर: इथं जुळलं, दादा. दर बोर्डावर जुळेलच असं नाही.

चिकोडी_दूध: मशीन १२ व्होल्ट डीसीचं असेल तर आज ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावा. प्लस-मायनस उलटं करू नका, मध्ये फ्यूज घाला.

खानापूर_डेअरी: लावली. चालू झालं! बाहेर कॅन घेऊन लोक उभे आहेत. आयसीचे पाय रात्री बघून कळवतो.