खानदेशकरांनो, अलीकडे पाहिलेला जुना-नवा सिनेमा : आपापले अनुभव लिहा

मेहरूणची बोर
परवा रात्री 'उंबरठा' परत पाहिला. भांडी आवरून झाली होती, पोरं झोपली होती, म्हटलं अर्धा तास बघू. संपेपर्यंत जागची हलले नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहावीत होते. धरणगावला आजोळी, दूरदर्शनवर. टीव्ही ओट्यावर आणून ठेवायचे आणि पुढे अख्खी गल्ली बसायची. माझी मावशी सासरहून परत येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. का आली, ते घरात कोणी काढत नसे. ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, वाती वळत बसायची. सिनेमातली सुलभा महिलाश्रमातली नोकरी सोडून घरी येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली आहे हे तिला कळतं आणि ती पुन्हा घर सोडते. ओट्यावरच्या बायका चुकचुकल्या, "पोटची पोर टाकून गेली, कशी ही आई!" मी मागे पाहिलं तर मावशीच्या हातात अर्धी वळलेली वात तशीच होती. हळूच म्हणाली, "बरं करं तिनी." आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.

तेव्हा मला सुलभाचा राग आला होता, तिच्या पोरीची बाजू घेतली होती मी. परवा पाहताना स्मिता पाटीलचा चेहरा पाहिला. घरात सगळे आपापल्या जागी आहेत आणि आपलीच जागा भरून गेलीय, हे तिला कळतं तो चेहरा. १९८२ चा सिनेमा, जब्बार पटेलांचा. आमची आई अजून तिला "आपल्या शिरपूरनी पोर" म्हणते, वडिलांकडून ती शिरपूरचीच.

मावशी २०१९ ला गेली. तिला काही विचारायचं राहून गेलं.

तुम्ही एवढ्यात काय पाहिलंत? जुनं, नवं, कसंही चालेल. लिहा.

भुसावळ जंक्शन
ताई, वातीचं वाचून थांबलोच. ड्युटीवर आहे, रात्री लिहितो.

शेवभाजी
आमच्याकडे 'अशी ही बनवाबनवी'. दर महिन्याला. सासऱ्यांना अर्धांग झाल्यापासून बोलता येत नाही, पण अशोक सराफ पडद्यावर आला की हसतात. आवाज काढून हसतात. त्या अडीच तासात घरात कोणी रडत नाही. एवढंच माझं परीक्षण.

मेहरूणची बोर
@शेवभाजी माय, काळजी घ्या सासऱ्यांची आणि तुमचीही.

कळणाभाकर
गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) टाकलेत, कावळे हाकलत लिहितेय, चुका होतील.
सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत 'पिंजरा' लागला होता. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून आम्ही चौघी बहिणी तंबूच्या मागच्या बाजूला कनात वर करून बसलो, म्हणजे पडद्याच्या मागून. चित्र आरपार दिसायचं, पण उलटं. सुरुवातीची नावं सगळी उलटी! आवाज मात्र सुलटा 😄 थंडी अशी की एका गोधडीत चौघी. मागच्या आठवड्यात लेकाने मोबाईलवर लावून दिला तर मला काही केल्या जुळेना. माझ्या डोक्यात संध्या नाचताना ज्या बाजूला जाते, इथे ती बरोब्बर दुसऱ्या बाजूला. सगळा सिनेमा नवा वाटला. पण शेवट तोच, मास्तर स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातात. लहानपणी तो कळलाच नव्हता, कारण धाकटी झोपली होती आणि मी तिला पाठीवर घेऊन निघाले होते.

अमळनेरकर
कळणाभाकर, छान लिहिलंत.
मी निवृत्त शिक्षक. 'श्यामची आई' दोन्ही पाहिले. अत्र्यांचा १९५३ चा लहानपणी शाळेच्या पटांगणात, धोतर बांधून केलेल्या पडद्यावर. आणि २०२३ चा नवा, सुजय डहाके यांचा, थेटरात नातीला घेऊन. तो पूर्ण कृष्णधवल आहे. नात दहा मिनिटांनी कानात म्हणाली, "आबा, रंग केव्हा येणार?" म्हटलं, नाही येणार बेटा, असाच आहे. मग गप्प बसून शेवटपर्यंत पाहिला तिने.
जुन्यात वनमालाबाई आणि माधव वझे. अभिनय थोडा नाटकी आहे हे खरं, पण आई श्यामला ओरडते आणि लगेच स्वतःच विरघळते, ते वनमालाबाईंच्या डोळ्यांत दिसतं. नवा संथ आहे, माझ्या मते काही ठिकाणी जास्तच संथ, पण त्यातलं कोकण खरं आहे.
आपल्या लोकांना आठवण करून देतो, साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. हे मी माझ्या गुरुजींकडून ऐकलं आणि माझ्या वर्गाला सांगत आलो. पुस्तक नंतरचं, १९३३ चं, नाशिकच्या तुरुंगातलं. पण तुरुंगातल्या त्या माणसाच्या मनात अमळनेरची पोरं असतीलच, असं मला मनापासून वाटतं.
चित्रपटांचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली 'श्यामची आई'ला मिळालं. नंतर तो मान मराठीला थेट 'श्वास'मुळे मिळाला, २००४ साली. पन्नास वर्षं!

पांझराकाठ
'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पाहिला का कोणी? रीमा कागतीचा, २०२५ ला लागला होता. मामा मालेगावला यंत्रमागावर होते, त्यामुळे ती खडखड कानात बसलेली आहे. मी त्या आधीचा फैजा खानचा माहितीपटही पाहिलाय, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. त्यात नासिर शेख आणि त्याचे दोस्त सायकलवर कॅमेरा चालवून शूटिंग करतात. सुपरमॅन झालेला शफीक मागावरचा कामगार, अंगाने काडी, आणि तोंडाच्या कॅन्सरने गेला. नवा सिनेमा चांगलाच आहे, पण माहितीपटातला खरा शफीक हसतो ना, त्याची सर कशालाच नाही. पाहून झाल्यावर मामाने खिशातली पुडी काढून टाकली. आता महिना झाला.

केळीवाला रावेर
मालेगाव खानदेशात कधीपासून? नाशिक जिल्हा आहे तो.

पांझराकाठ
भाऊ, धुळ्याहून तासाभरात पोहोचतो आम्ही, लेकी-सुना तिकडच्याच. जिल्हा काही का असेना.

कळणाभाकर
कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) म्हणा आणि मिटवा. मामांनी पुडी सोडली हे लई भारी झालं.

सातपुडा
मी धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. रेंज असेल तेव्हा वाचतो.
'फँड्री' पहिल्यांदा २०१४ ला पाहिला, भरलेल्या थेटरात. डुक्कर धरायचा प्रसंग आला की लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. खरं सांगतो, मीही हसलो होतो.
मागच्या महिन्यात वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना भिंतीवर दाखवला. त्याच प्रसंगाला एकही मुलगा हसला नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याचं घरचं सगळं जागीच उभं राहतं आणि डुक्कर निसटतं, तिथे मागच्या रांगेतली दोन मुलं सतरंजीवरून उठून उभी राहिली. राष्ट्रगीत संपेपर्यंत ताठ. मग खाली बसली. नंतर एकाने विचारलं, "सर, ते सुटलं का मग?" मी म्हटलं, पुढे बघ. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि पडदा काळा होतो. कोणी टाळी वाजवली नाही. ताटं घेऊन जेवायला गेले.
त्या रात्री मला झोप आली नाही. मी थेटरात कोणाबरोबर हसलो होतो, तेच डोक्यात.

मेहरूणची बोर
सर, हे वाचून काय लिहू सुचत नाही. मुलांना आणखी दाखवत राहा.

केळीवाला रावेर
'मंथन' पाहिला यूट्यूबवर. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि १९७६ ला पिक्चर निघाला. बायको रोज सकाळी डेअरीवर दूध घालते, तिला फॅटचा प्रसंग दाखवला तर म्हणे हे तर आपल्याच गावचं. पाहायला वेळच वेळ आहे सध्या. परवाच्या वादळात बाग आडवी झाली, घड निसवलेले होते.

पांझराकाठ
अरेरे भाऊ. किती खोडं?

केळीवाला रावेर
तीन हजारांतली अठराशे. पंचनामा व्हायचाय.

अमळनेरकर
फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पडलेली खोडं पंचनाम्याआधी हलवू नका.

भुसावळ जंक्शन
गाडी लेट, म्हणून आत्ता लिहितो. 'सामना' पाहिला. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आम्ही लहान असताना टीव्हीवर हाच सिनेमा लागला की ते उठून अंगणात जायचे. मला वाटायचं त्यांना आवडत नाही. या वेळी शेजारी बसवून पूर्ण दाखवला. निळूभाऊ आणि लागू समोरासमोर बसतात, मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेचं विचारतो. बाबांनी माझा हात धरला. वय एक्क्याऐंशी. म्हणाले, "आमच्या काट्यावरबी एक होता." पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. उद्या सुट्टी आहे, उद्या विचारीन.

मेहरूणची बोर
दादा, उद्याच विचारा. राहू देऊ नका.
मी आईला आज फोन केला. तिला 'उंबरठा' आठवत नाही. म्हणाली, "सिनेमाचं काय माहीत नाही, पण त्या रात्री ती गोठ्यातच झोपली होती, मी चादर नेऊन टाकली अंगावर."

शेवभाजी
ताई, 'उंबरठा' कुठे पाहिला ते सांगा ना. उद्या सासरे झोपले की माझ्या आईसोबत बघते.

कळणाभाकर
आभाळ आलं गं, बिबडे उचलते