ड्रायव्हरमध्ये स्पिनलॉक आधी का? कारण द्या

खटपट्या:
लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या नवख्यांचा कोड तपासणं हे माझं रोजचं काम. लॉक (एका वेळी एकानेच डेटाला हात लावावा म्हणून कुलूप) हवं म्हटलं की हात आधी स्पिनलॉककडेच जातो. हे मिळेपर्यंत सीपीयू जागच्या जागी फिरत राहतो, आणि हातात असताना झोपायला, म्हणजे सीपीयू सोडून वाट बघायला, मनाई. परवाचंच घ्या. आयटूसी या संथ दोन-तारी जोडणीवरचा सेन्सर, इंटरप्ट (हार्डवेअरची 'इकडे बघ' अशी हाक) बंद करणारं स्पिनलॉक घेतलंय आणि आत बिनधास्त रजिस्टर वाचतोय! आयटूसीचा व्यवहार पुरा होईपर्यंत बोलावणारा झोपतो. ४०० किलोहर्ट्झवर एका बाइटला पोचेच्या बिटासकट ९ बिट, म्हणजे २२.५ मायक्रोसेकंद. ६ बाइटचं रीडिंग पत्त्यांसकट २०० मायक्रोसेकंदांवर जातं. नव्या ड्रायव्हरमध्ये थ्रेडेड इंटरप्ट (इंटरप्टचं काम झोपू शकणाऱ्या थ्रेडमध्ये) आणि म्युटेक्स (वाट बघताना झोपू देणारं लॉक) हेच आधी असावं. थ्रेडेड इंटरप्टची सोय २००९ पासून, लिनक्स २.६.३० मध्ये आली तेव्हापासून आहे. स्पिनलॉक ज्याला हवं त्याने कारण द्यावं.

रातकिडा:
साफ अमान्य. एका सेन्सरवरून सगळ्यांना नियम? नेटवर्क ड्रायव्हरला पॅकेट पाठवायला कर्नल (लिनक्सचा गाभा) बोलावतो तेव्हा तिथे झोपायची मुभाच नसते. टायमरच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे वेळ झाली की चालणाऱ्या फंक्शनमध्येही नाही. आणि यादीत एक नोंद जोडायची, चार ओळींचं काम, त्यासाठी थ्रेड झोपवा-उठवायचा खर्च कशाला?

खटपट्या:
जिथे झोपताच येत नाही तिथे कारण आयतंच मिळालं, वाद कुठे आहे? खर्चाचं म्हणाल तर म्युटेक्स लगेच झोपत नाही. ज्याच्याकडे लॉक आहे तो दुसऱ्या सीपीयूवर चालू असेल, तर आधी तेही थोडा वेळ जागच्या जागी फिरतं.

पिंपळपान:
दोघेही लॉकच्या प्रकारावर भांडताय, पण माणसं फसतात ती जीएफपी_कर्नलने, म्हणजे 'मिळेपर्यंत झोपलं तरी चालेल' असं सांगून मेमरी मागण्याने. स्पिनलॉकच्या आत तसं मेमरी मागितलं तरी टेबलावरच्या बोर्डात मेमरी भरपूर, त्यामुळे झोपायची वेळच येत नाही. चाचणी पास! ग्राहकाकडे मेमरी तंग झाली की 'शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक', म्हणजे मनाई असताना झोपल्याची कर्नलची तक्रार. कॉन्फिगमध्ये डीबग_अॅटॉमिक_स्लीप चालू असेल तर प्रत्यक्ष झोप लागली नाही तरी तिथल्या तिथे ओरड होते. ते बंद ठेवून तपासणारे महाभाग मी पाहिलेत. काही तर इन_अॅटॉमिक ('इथे झोपायला मनाई आहे का?' सांगणारी चाचणी) विचारून मेमरी कशी मागायची ते ठरवतात. प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून सीपीयू दुसऱ्याला देणं) किती वेळा रोखलंय याची मोजणी नसलेल्या कर्नलमध्ये त्याला स्पिनलॉक दिसतच नाही.

रातकिडा:
पिंपळपान +१. पण खटपट्या, रिअल-टाइमचं काय? २०२४ च्या ६.१२ पासून प्रीएम्प्ट_आरटी (वेळेत प्रतिसाद हवा त्यांच्यासाठीचा रिअल-टाइम पर्याय) मुख्य कर्नलमध्ये आहे. तिथे साधं स्पिनलॉकच झोपतं, न झोपणारं हवं तर रॉ स्पिनलॉक. मग तुमच्या नियमाला अर्थ काय उरला?

खटपट्या:
उलट तो माझ्याच बाजूचा साक्षीदार. तिथे बहुतेक हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) सक्तीने थ्रेडमध्ये जातात. आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह, म्हणजे एरवी इंटरप्ट बंद करणारं स्पिनलॉक, तिथे इंटरप्ट बंदही करत नाही, त्या भरवशावर राहिलेले तोंडघशी पडतात.

रातकिडा:
बरं, सिरीयल पोर्ट घ्या. फिफो (आलेले बाइट उचलेपर्यंत ठेवणारी रांग) १६ बाइटचा, वेग सेकंदाला ९,२१,६०० बिट. बाइटला १० बिट धरले तर साधारण १७४ मायक्रोसेकंदांत भरतो. थ्रेडला सीपीयू मिळायला उशीर झाला की अक्षरं गेली.

खटपट्या:
फिफो हँडलरमध्येच रिकामा करा, छोट्या लॉकखाली. बाकीचं थ्रेडमध्ये.

रातकिडा:
म्हणजे स्पिनलॉक आलंच की!

खटपट्या:
आलं, कारण तुम्ही कारण दिलंत. मंजूर. आता सेन्सरवाल्याने काय द्यावं ते सांगा.