२०० फूट म्हणजे बंदी नव्हे
काही जण म्हणतात की अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच रोलर कोस्टरला एफएए (तिथली विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) परवानगीच देत नाही. तसं नाहीये. तिथला किंगडा का हा कोस्टर ४५६ फुटांचा होता! २०० फूट ही एफएएला कळवण्याची रेषा आहे. त्यापुढे जायचं तर ७४६०-१ हा फॉर्म काम सुरू व्हायच्या किमान ४५ दिवस आधी भरायचा. विमानांना धोका नाही असा निर्वाळा मिळाला, तरी दिवे लावायची अट येऊ शकते. बांधकामाचा परवाना मात्र स्थानिक प्रशासनच देतं.

धावपट्टी जवळ असेल तर २०० च्या आतही सुटका नाही. ३,२०० फुटांहून लांब धावपट्टीपासून २०,००० फुटांपर्यंत १००:१ चा उतार धरतात. म्हणजे १०,००० फुटांवर धावपट्टीच्या पातळीपेक्षा १०० फूट वर गेलात की फॉर्म आलाच. आणि क्रेन विसरू नका. १९० फुटांच्या शिखरावर रूळ बसवणारी क्रेन सहज २०० ओलांडते, तिचीही नोंद लागते.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानाची अट कितीतरी कडक, झाडांच्या शेंड्यांवर जायचं नाही. म्हणून १९९४ साली सुरू झालेल्या तिथल्या नेमेसिस या कोस्टरसाठी खडक फोडून खड्डा केला.