अनुभव धागा : 'डॉक्टर हू'मधला कोणता राक्षस तुमच्या मनातून गेला नाही?

गिरणाकाठ
परवा संध्याकाळी भाच्याला घेऊन गणपतीची मूर्ती ठरवायला जळगावातल्या एका कारखान्यात गेले होते. आम्ही निघत असतानाच वीज गेली आणि अर्धवट तयार झालेल्या मूर्तींच्या रांगांकडे पाठ करायला तो काही केल्या तयार होईना. "मावशी, तू त्यांच्याकडे बघत राहा, तोवर मी चप्पल घालतो," असे तो म्हणाला. आदल्या रविवारी मीच त्याला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला २००७ सालचा वीपिंग एंजल्सचा, म्हणजे कोणी पाहत नसतानाच हलणाऱ्या देवदूतांच्या पुतळ्यांचा, पहिला भाग दाखवला होता.

मला लगेच हॉस्टेलमधली रात्र आठवली. आम्ही पाच मुलींनी एका लॅपटॉपवर तो भाग पाहिला आणि नंतर पाणी प्यायलासुद्धा कोणी एकटी खाली गेली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मला त्या भीतीचे कारण कळले. त्या भागात पुतळे पडद्यावर एकदाही हलताना दिसत नाहीत. आपण त्यांच्याकडे पाहत आहोत म्हणून ते थांबले आहेत, म्हणजे त्यांचा नियम घरी बसलेल्या प्रेक्षकालाही लागू होतो. २०१० मध्ये मात्र त्यांच्या माना वळताना दाखवल्या. मी पाहत असूनही ते हलले, आणि त्या क्षणी माझ्यासाठी ते राक्षस संपले. राक्षसाचा नियम मोडला की त्याची गोष्टही मोडते, असे माझे ठाम मत आहे. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

शाडूमाती
ताई, माझे वडील मूर्तिकार आहेत, त्यामुळे मी रूपाच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती वडील स्वतःच करतात. तोपर्यंत आम्ही मूर्तींच्या मधून मोठमोठ्याने बोलत, रंगाचे डबे सरकवत फिरत असतो. डोळे आखून झाले की कोणी न सांगता आमचे आवाज खाली येतात. लहानपणापासून मी हे दर वर्षी पाहतो आहे.

म्हणून एंजल्सनी डोळ्यांवर घेतलेले हात पाहून मला धडकीच भरली होती. झाकलेला चेहरा कधीतरी उघडणार, हे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. शिवाय तो आविर्भाव केवळ शोभेसाठी नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिले तर ते कायमचे गोठून जातील, म्हणून ते डोळे झाकतात. कथेतले कारण आणि मूर्तीची ठेवण इतकी एकजीव झालेली मी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेली नाही. २००७ मध्ये तिथे रंगभूषा केलेल्या अभिनेत्रीच श्वास रोखून उभ्या होत्या, हे वाचल्यावर तर माझा आदर आणखी वाढला.

भुसावळ यार्ड
एंजल्स उत्तम आहेत, पण मालिका उभी राहिली ती डालेकमुळे, म्हणजे धातूच्या कवचात बसून फिरणाऱ्या परग्रहवासी राक्षसांमुळे, हे विसरून चालणार नाही. १९६३ साली मालिका सुरू होताना बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी बटबटीत डोळ्यांचे परग्रहवासी राक्षस नकोत असे बजावले होते. त्याच डिसेंबरात टेरी नेशन यांच्या कथेतून डालेक आले आणि मालिकेचे भवितव्य बदलले.

मी फिटर आहे, त्यामुळे मला रेमंड क्यूसिक यांचा आराखडा कारागिराच्या नजरेने दिसतो. आत एक माणूस बसून यंत्र चालवणार, एवढे धरून त्यांनी आकार ठरवला, आणि पाय पूर्ण झाकून टाकले. पडद्यावरच्या कोणत्याही पोशाखात आपली नजर आतल्या माणसाचे गुडघे आणि खांदे शोधते. डालेकमध्ये ती शोधत राहते आणि तिला काहीच सापडत नाही. पहिल्यांदा तर तो पूर्ण दाखवलेलाही नव्हता. भिंतीला पाठ लावून ओरडणारी नायकाची सोबतीण बार्बरा आणि तिच्याकडे सरकत येणारा फक्त एक हात, एवढ्यावरच तो भाग संपतो. मोरी तुंबल्यावर वापरतात तसल्या रबरी पंपाच्या त्या हातावर लोक अनेक वर्षे टीका करत होते. २००५ च्या भागात त्याच हाताने एका माणसाचा जीव घेतलेला दाखवला, म्हणजे आराखड्यातली उणीव त्यांनी लपवली नाही, तिलाच शस्त्र केले. असे लेखन करायला यंत्रावर प्रेम असावे लागते.

२०१० मध्ये आलेले लाल, पिवळे, निळे, धिप्पाड डालेक मला कधीच पटले नाहीत. त्यांच्या अंगावर युद्धाच्या खुणा नव्हत्या.

गच्चीवरची रात्र
यार्डवाले दादा, तुमचे वाचून गळा दाटून आला. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे गच्चीवर झोपायचो, कारण जळगावच्या उन्हाळ्यात घरात झोपणे शक्यच नसायचे. मला डालेकची भीती वाटायची आणि माझा मोठा भाऊ दर रात्री समजूत घालायचा की डालेकला जिना चढता येत नाही, आपण वर आहोत, तू निर्धास्त झोप. मी खरोखर त्या विश्वासावर झोपत असे.

पुढे एका सुटीत आम्ही दोघांनी १९८८ ची ती कथा पाहिली. मालिकेचा नायक, डॉक्टर, धावत पायऱ्या चढतो आणि मागून डालेक अलगद तरंगत वर येऊ लागतो. भावाने माझा हात धरला, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. भाऊ आता आमच्यात नाही. मे महिन्यात गच्चीवर गादी टाकताना मला तो जिना आठवतोच.

गिरणाकाठ
ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भाऊ गेल्यावरही त्याने घातलेली समजूत टिकून आहे, हे वाचून फार भरून आले.

धुळे रात्रपाळी
दोन रुग्णांच्या मधल्या वेळात लिहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. सायबरमन, म्हणजे अवयव बदलत बदलत यंत्र झालेली माणसे. पण २००६ चे पोलादी, पाय आपटत चालणारे नव्हेत, तर १९६६ मधले, ज्यांच्या चेहऱ्यावर कापड होते आणि हात उघडे, माणसाचेच होते. त्यांच्या निर्मात्यांपैकी किट पेडलर हे वैद्यकीय संशोधक होते. एकेक अवयव बदलत गेलो तर कोणत्या टप्प्यावर माणूस संपतो, हा प्रश्न त्यांच्या मनात होता.

२०१७ मध्ये ते जुने रूप परत आणले. रुग्णालयातला एक वॉर्ड, चेहरे बांधलेले रुग्ण, हाताला सलाईन. एक रुग्ण यंत्रातून काहीतरी सांगू पाहतो, पण आवाज येत नाही. नायिका आवाजाचे बटण वाढवते, तेव्हा कळते की तो सतत एकच शब्द म्हणत आहे, "वेदना". परिचारिकेने वेदना कमी केली नव्हती, फक्त आवाज कमी केला होता.

मी अकरा वर्षे परिचारिका आहे. ज्या रुग्णांच्या घशात नळी असते, त्यांना बोलता येत नाही, आणि गडबडीच्या रात्री मॉनिटरचा अलार्म बंद करून पुढच्या खाटेकडे वळावे लागते. तो भाग पाहिल्यापासून मी अलार्म बंद केल्यावर रुग्णाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिल्याशिवाय हलत नाही. राक्षसाचे रूप जितके माणसाच्या जवळ ठेवले, तितकी गोष्ट खोल जाते, असे मला अनुभवाने वाटते. पोलादी सायबरमनकडे पाहून मला कोणाचीही आठवण झाली नव्हती.

केळीबाग रावेर
इथे सर्वांनी रूपाविषयी लिहिले, म्हणून ज्याला रूपच नाही अशा राक्षसाविषयी लिहितो. २००८ सालचा तो भाग, ज्यात प्रवाशांची गाडी एका निर्जन ग्रहावर बंद पडते आणि बाहेरून कोणीतरी ठोठावते. जो आत शिरला तो शेवटपर्यंत दिसत नाही. तो एका बाईच्या तोंडून प्रथम इतरांचे शब्द मागून म्हणतो, मग बरोबरीने म्हणतो, आणि अखेर डॉक्टरच्या आधी म्हणू लागतो.

आमच्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे मध्यरात्री मोटार चालू करायला बागेत जावे लागते. वाऱ्याने फाटलेली केळीची पाने एकमेकांवर घासली की माणूस चालल्यासारखा आवाज येतो. रात्री बाहेरून एकच हाक आली तर ओ देऊ नये, असे माझी आजी सांगायची, कारण चकवा आधी ओळखीचा आवाज घेतो आणि मग वाट घेतो. चकव्याला तिने कधी चेहरा दिला नाही. त्या भागात बाईने पहिला शब्द मागून म्हटला, तेव्हा मला आजीची ती हाक आठवली आणि मी उठून अंगणातला दिवा लावला. शेवटी ज्या सेविकेने सर्वांचा जीव वाचवला, तिचे नाव एकाही प्रवाशाला माहीत नसते. न दिसणाऱ्या राक्षसापेक्षा ती शांतता मला जास्त लागली.

सातपुडा पायथा
गिरणाकाठ ताई, तुमच्या मूळ मताशी मी नम्रपणे असहमत आहे. साठ वर्षांहून अधिक चाललेल्या मालिकेत नियम कधीच मोडला नाही, तर तिसऱ्या भेटीत प्रेक्षकाला सुटकेचा मार्ग पाठ होतो. जिना चढणारा डालेक हाही नियमभंगच होता आणि तो वरच्या ताईंना आयुष्यभर पुरला. एंजलचे चित्र जपणारी वस्तू स्वतःच एंजल होते, ही २०१० मधली भर तर मला मूळ कल्पनेइतकीच भयंकर वाटते, कारण तिने दूरचित्रवाणीचा पडदाच असुरक्षित केला.

गिरणाकाठ
दादा, चित्राचा मुद्दा मला मान्य आहे, कारण तिथे जुना नियम तसाच राहून त्याला नवी फांदी फुटली. डालेकच्या जिन्याचेही तसेच आहे. त्याला चढता येत नाही असे कथेने कधी ठरवून सांगितले नव्हते, आपणच ते धरून चाललो होतो. माना वळवणे वेगळे, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चालवणे त्याहून वेगळे. ज्या पुतळ्याकडे त्या शहरात रात्रंदिवस कोणी ना कोणी पाहत असते, तो हललाच कसा, याचे उत्तर कथेने द्यायला हवे होते.

सातपुडा पायथा
स्वातंत्र्यदेवीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे.

शाडूमाती
ताई, भाच्याला आखणीच्या दिवशी त्या कारखान्यात पुन्हा घेऊन जा. डोळे उमटताना त्याने एकदा समोर बसून पाहिले, की त्याला पाठ फिरवायची भीती वाटणार नाही असे मला वाटते.

गिरणाकाठ
नक्की नेते. त्याला आत्ताच विचारले. आखणी चालू असताना पापणी लवली तर चालेल का, एवढेच त्याने विचारले आहे.