वरकमाईसाठी भरलेली ऑनलाइन सर्वेक्षणे : आपले अनुभव लिहावेत

काल जुनी कागदपत्रे आवरताना एक पातळ वही सापडली आणि ती हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. तारीख, विषय, लागलेली मिनिटे आणि निकाल असे चार रकाने मी तिच्यात पट्टीने आखले होते, आणि शेवटच्या रकान्यात पानामागून पान बहुतेक ठिकाणी ‘बाद’ हाच शब्द होता. तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती, नोकरी सुटली होती आणि स्वतःच्या कमाईचे चार पैसे हाती असावेत असे फार वाटत होते; म्हणून ती मांडीवर झोपली की मी एका अंगठ्याने फोनवर पैसे देणारी सर्वेक्षणे भरत असे. पहिल्या महिन्यात ६३ सुरू केली, त्यांपैकी १९ पूर्ण झाली. बारा विधाने आणि प्रत्येकापुढे सात पर्याय असा तक्ता पडद्यावर मावत नसे, तो आडवा सरकवताना शेजारचाच गोल दाबला जाई, तो दुरुस्त करेपर्यंत मुलगी जागी होई, आणि तिला निजवून परत यावे तर वेळ संपल्याची सूचना आलेली असे.

पैसे थोडे मिळाले याचे मला दुःख नाही. वय, शिक्षण, घरात किती माणसे, कोणाला कोणता आजार, हे सगळे विचारून घेतल्यावर ‘आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही’ असे सांगितले जाई, ते मात्र मनाला लागे. तरीही पूर्ण केलेल्या सर्वेक्षणांचे किमान गुण पहिल्यांदा जमून खरेदीचे व्हाउचर मिळाले तेव्हा मी मुलीसाठी चित्रांचे पुस्तक घेतले, आणि ते आजही घरात आहे. ज्यांनी हे काम केले असेल त्यांनी किती वेळ दिला, काय पदरात पडले आणि काय खटकले, ते मोकळेपणाने लिहावे.

———

ताई, मी काही वर्षे प्रश्नावल्या तयार करण्याचेच काम केले आहे, म्हणून ‘बाद’मागचे कारण सांगतो. प्रत्येक सर्वेक्षणाला ठरावीक वयाची, ठरावीक उत्पन्नाची, कधी ठरावीक वस्तू वापरणारी माणसे ठरावीक संख्येनेच हवी असतात, आणि एखाद्या गटाचा कोटा भरला की त्या गटातला पुढचा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी परत पाठवला जातो. हा आग्रह निराधार नाही. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक भरून परत आल्या, तरी लँडन निवडून येतील हा त्यांचा अंदाज साफ चुकला आणि रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने जिंकले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. नुसती संख्या उपयोगाची नाही, कोणाला विचारले ते महत्त्वाचे, हा धडा या व्यवसायाने तेव्हापासून गिरवला आहे.

पण कोण पात्र आहे ते ठरवणारे गाळणीचे प्रश्न पहिल्या दोन-तीन मिनिटांत संपवणे हे प्रश्नावली करणाऱ्याचे कर्तव्य आहे. पंधरा मिनिटे उत्तरे घेऊन मग माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा अन्याय आहे, आणि बैठकींमध्ये मी तसे वारंवार सांगत असे.

———

घाईत लिहिते आहे, क्षमा असावी. सतत बाद होण्याचा कंटाळा येऊन मी एकदा घरात मोटारगाडी असल्याचे खोटे लिहिले, आणि खरोखरच सर्वेक्षणे भराभर मिळू लागली. दीड महिन्याने गाडी कोणत्या साली घेतली असे विचारले, तेव्हा आधी काय लिहिले होते ते मला आठवेना. रक्कम काढण्याइतके गुण जमले त्याच आठवड्यात खाते बंद झाले आणि सगळे गुण गेले. मला राग आला होता, पण चूक माझीच होती, आणि हे मी आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे.

———

वरील ताईंनी मनातले लिहिले, त्याबद्दल आभार. माझ्याही हातून कुटुंबाच्या उत्पन्नाबाबत असेच घडले होते, फक्त माझे खाते वाचले.

———

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पाठीच्या दुखण्यामुळे मी दोन वर्षे बाहेर पडू शकत नव्हतो आणि एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसताही येत नव्हते, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी करता येईल असे काम हवे होते. परदेशात राहत असल्यामुळे मला ‘प्रॉलिफिक’ या संकेतस्थळावर नोंदणी करता आली, तिथे सगळ्या देशांतील लोकांना प्रवेश नाही. २०१४ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी मुख्यतः विद्यापीठांतील संशोधक अभ्यास ठेवतात, आणि अंदाजे किती मिनिटे लागतील व किती पैसे मिळतील हे सुरुवात करण्यापूर्वीच समोर लिहिलेले असते. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतची ती ओळखीची मोजपट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली, हेही मला तिथल्याच एका अभ्यासाच्या शेवटी दिलेल्या माहितीतून कळले.

एका अभ्यासात तीस शब्द एकामागून एक दाखवले, दहा मिनिटे दुसऱ्याच कामात गुंतवले आणि मग आठवतील ते लिहायला सांगितले. मला अकरा आठवले. त्या दिवशी मी दुखण्याचा विचार पूर्ण विसरलो होतो, आणि पैशांपेक्षा ते मोल मला अधिक वाटते. घरखर्च मात्र यातून कधीच भागला नाही. औषधांचा काही भाग निघे, एवढेच.

———

कृपया सगळ्यांनी हे वाचावे. माझ्या वडिलांना निवृत्तीनंतर एका अनोळखी क्रमांकावरून ‘घरबसल्या सर्वेक्षण’ असा निरोप आला. पहिल्या तीन सोप्या प्रश्नावल्यांचे पैसे खरोखर खात्यात जमा झाले आणि त्यामुळेच त्यांचा विश्वास बसला. नंतर ‘वरच्या श्रेणीची’ सर्वेक्षणे मिळण्यासाठी अनामत भरायला सांगितले, ती भरल्यावर कमाई पडद्यावर वाढताना दिसू लागली, आणि ती काढायला गेल्यावर कराच्या नावाखाली आणखी रक्कम मागितली. त्यांनी दुसऱ्यांदाही भरली. खऱ्या सर्वेक्षणात पैसे आपल्याला मिळतात, आपण द्यायचे नसतात, हे साधे वाक्य मी त्यांना वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते. रक्कम परत आली नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने बाबा फोन उचलताना माझ्याकडे पाहत असत.

———

दादा, वाचून फार वाईट वाटले. बाबांना सांगावे की यात लाजण्यासारखे काही नाही. सुरुवातीला खरे पैसे दिले की चांगली जाणती माणसेही फसतात. आता त्यांची तब्येत कशी आहे?

———

आता ते बरे आहेत, ताई. शेजारच्या मंडळींना स्वतःहून सावध करतात.

———

प्रश्नावल्या करणाऱ्या दादांना एक विचारायचे आहे. मी भरभर वाचते, तरी ‘उत्तरांचा दर्जा अपुरा’ असे कारण देऊन माझी दोन सर्वेक्षणे नाकारली गेली. किती प्रश्नावली झाली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी ८० टक्क्यांवर असतानाच सर्वेक्षण अचानक संपते, त्याचाही याच्याशी संबंध असतो का?

———

ताई, लागलेला वेळ नोंदला जातो आणि इतरांच्या तुलनेत तो फारच कमी असला तर उत्तर संशयास्पद ठरते. तक्त्यात सलग एकाच रकान्यात खुणा असणे हे दुसरे कारण. तिसरे म्हणजे मध्येच पेरलेली ओळ, जसे ‘या विधानासाठी चौथा पर्याय निवडा’. भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास निसटते.

पट्टीचे म्हणाल, तर ती बहुधा संपूर्ण प्रश्नावलीच्या पानांवरून मोजलेली असते. तुम्ही ‘नाही’ म्हटलेत आणि त्यामुळे दहा पाने वगळली गेली, तर ती एकदम पुढे उडी मारते, तेव्हा ते चांगलेच लक्षण असते. पण ८० टक्क्यांवरून थेट ‘पात्र नाही’ असे पान आले, तर एकतर तुमच्या गटाचा कोटा मधल्या वेळेत भरला असेल, नाहीतर गाळणीचा प्रश्न चुकीच्या जागी ठेवला असेल. अशा वेळी सर्वेक्षणाचा क्रमांक, तारीख आणि लागलेली मिनिटे लिहून पॅनेलच्या, म्हणजे सर्वेक्षणे पाठवणाऱ्या संस्थेच्या, मदत कक्षाला कळवावे, कारण काही ठिकाणी त्याचे थोडे गुण देतात. धागा काढणाऱ्या ताईंची चार रकान्यांची वही त्यासाठी अगदी योग्य आहे. फक्त पाचवा रकाना क्रमांकाचा आखावा.