२५ हजारांत रिमोटची टूरिंग कार: किट की तयार गाडी? आणि कोकणात घ्यावीच का?

दापोलीकर
भाचा यंदा बारावीतून सुटला. त्याला १/१० टूरिंग कार हवी आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, रस्त्यावरच्या शर्यतीची रिमोटची गाडी. बजेट २५ हजार, आणि त्यातच रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं बसवायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हवी तेवढी झोड उठवा: टामिया कंपनीचं टीटी-०२ किट, सुटे भाग घरी जोडायचे. तयार गाडी खोक्यातून काढली की पळते हे खरं, पण पहिल्यांदा कठड्यावर आपटली की आत काय मोडलं ते घरात कोणालाच कळत नाही. किट स्वतः जोडलं असेल तर कळतं. शिवाय ही चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, २०१३ पासून बाजारात आहे, सस्पेंशनचे आर्म, चाक धरणारे नकल, गिअर अजून मिळतात. दापोलीत बसून गाडी चालवणाऱ्याला वेगापेक्षा हे महत्त्वाचं.

रेवदंड्याचा रेसर
खोक्यात काय आहे ते सांगितलंत, काय नाही तेही सांगा की. सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) नाही, रिमोट-रिसीव्हर नाही, बॅटरी नाही, चार्जर नाही. काही खोक्यांत ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, असतो, काहींत तोही नसतो. साध्या किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल नाही, नुसतं घर्षण. बॉडी पारदर्शक लेक्सनची, म्हणजे पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिकची, ती आतून रंगवायची, आणि रंगही पॉलीकार्बोनेटचाच हवा. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारलात तर पापुद्रे निघतील. हे सगळं जमवता जमवता २५ चे ३५ होतात. तेवढ्यात ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरची तयार गाडी येऊन वर टायरचा जादा जोड येतो.

आणि परदेशी साइटवरचे भाव बघून गणित मांडू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०.

दापोलीकर
शुल्क तुमच्या तयार गाडीलाही लागतंच ना? बेअरिंगचा संच महाग नाही, ११५० म्हणजे ११ बाय ५ मिमीची, कुठल्याही कंपनीची चालतात. तेलाचे शॉक दिवाळीत घेऊ. रिमोट एकदाच घ्यायचा, पुढच्या गाडीला फक्त रिसीव्हर. तयार गाडीबरोबर येणारा रिमोट बऱ्याचदा त्याच गाडीपुरता असतो, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

मालवणी झील
दोघांनाही एकच प्रश्न. रस्तो खय आसा रे? टूरिंग कारचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच मिमी. ती शर्यतीसाठी अंथरलेल्या गालिच्यावर चालते, नाहीतर नितळ डांबरावर. हय गुळगुळीत रस्तो गावना नाय. पाऊस संपला की डांबर कमी आणि खडी जास्त. त्यापेक्षा १/१४ ची बग्गी, खडबडीत जमिनीवरची उंच गाडी, घ्या. अंगणात पळेल, जांभ्याच्या पायरीवरून उडी मारेल आणि ओहोटीला पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूवर, मोकाट सोडता येईल. तेवढ्यासाठी लोक मुंबईहून येतात, आपल्याला ती दाराशी आहे.

जांभा
पुळणीचं नाव काढू नका. ओहोटीची ओली वाळू दिसायला कॅरमबोर्डासारखी असते, पण चाकं जे उडवतात ते खारं पाणी असतं. साध्या ५४० ब्रश मोटरला हवा जायला भोकं असतात, पाणी आणि वाळू तिथूनच आत. आपल्याकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला ओढली जाणारी खनिजं. मोटरमध्ये चुंबक. वेगळं सांगायला नको. एकदा काळी वाळू आत जाऊन चिकटली की फुंकून निघत नाही. बेअरिंग तर आठवड्यात तांबूस. बग्गी असो की टूरिंग, समुद्राला दोन्ही सारख्याच.

पुळणीवर न नेताही खारी हवा पोचतेच. पावसाळ्यात माझी गाडी झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून असते. धातूच्या स्क्रूंवर हलका तेलाचा हात, बेअरिंगमध्ये एखादा थेंब. एवढं करायची तयारी नसेल तर कुठलीच गाडी घेऊ नका.

चेसिसबद्दल मी दापोलीकरांच्या बाजूने. टीटी-०२ शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर चालते, पुढचा-मागचा गिअरबॉक्स बंद असतो. दातेरी पट्ट्याची, म्हणजे बेल्टची गाडी गालिच्यावर छान, पण बेल्ट उघडा असला तर एक खडा दातात अडकला की संध्याकाळ गेली.

मालवणी झील
मग चालवायची कुठे ते सांगा ना! डब्यात सिलिका जेल घालून ठेवायला २५ हजार?

दापोलीकर
शाळेचं बास्केटबॉलचं कोर्ट आहे, सिमेंटचं. रविवारी रिकामं असतं, विचारून ठेवलंय. शिवाय ही चेसिस जोडतानाच उंच ठेवता येते, रॅलीचे टायर लावले की थोडी खडीही सोसते.

मालवणी झील
उंच केली, रॅलीचे टायर लावले, की ती टूरिंग कार राहिली कुठे? तेच मी सांगत होतो.

कोबा
मध्येच तोंड घालतो. क्योशोची मिनी-झी कोणी धरलीच नाही. १/२७-१/२८ ची गाडी, चार ट्रिपल-ए सेलवर चालते. जून ते सप्टेंबर माजघरात कोब्यावर खडूने ट्रॅक काढायचा. पावसाची कटकट नाही, लिपोची (लिथियम-पॉलिमर बॅटरीची) भीती नाही.

दापोलीकर
भाचा १९० मिमी रुंदीच्या गाडीवर अडून बसलाय. माजघर त्याला चालणार नाही, आणि त्याच्या आजीला तर मुळीच नाही.

रेवदंड्याचा रेसर
लिपोचं नाव निघालं म्हणून. चार्जरवर काटकसर करू नका, सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच घ्या. टू-एस, म्हणजे दोन सेलचा पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट, आणि तसाच भरून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवला की फुगतो. चालवायची नसेल तेव्हा सेलमागे ३.८ वर ठेवा. ईएससीला लिपोचं कट-ऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरायच्या आत वीज तोडायची सोय, आहे का ते आधी बघा. नसेल तर ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी बरी, मुलाच्या हातात तर नक्कीच.

दापोलीकर
निकेलवरच सुरुवात करतोय. पहिल्या वर्षात साध्या मोटरचा वेगही त्या कोर्टाला पुरून उरेल.

रेवदंड्याचा रेसर
तरी मी मत बदललेलं नाही. नाहीतर कोणाची वापरलेली चेसिस बघा, इलेक्ट्रॉनिक्सशिवाय. पुण्या-मुंबईत लोक गालिच्याची हौस फिटली की काढून टाकतात. घेताना आर्मच्या मुळाशी आणि स्क्रूच्या भोकांभोवती तडे बघा, एक मागचं चाक धरून दुसरं फिरवा, डिफ (डिफरेन्शियल) खरखरला तर भाव पाडा. वाचलेल्या पैशात चांगला सर्व्हो येईल. अठरा वर्षांच्या पोराला गाडी चालवायची असते, स्क्रू पिळत बसायचं नसतं.

जांभा
वापरलेली घेतली तरी बेअरिंग नवीच घाला, रबर सीलची. पत्र्याच्या झाकणाची इथे टिकत नाहीत.

दापोलीकर
रेसर, आमचं पोर वेगळं आहे. घरातला मिक्सर उघडून झालाय, आता पंख्यावर डोळा आहे. त्याला स्क्रूच पिळायचेत.

रेवदंड्याचा रेसर
मग जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. साध्या फुलीच्या पेचकसाने टामियाच्या स्क्रूची डोकी घसरतात. आणि तोही त्या २५ हजारांतच धरा.