ब-३०२ च्या वहिनींची ब्रेव्हे आणि पाहुण्यांची पांढरी गाडी

ब-२०२ : सोसायटीच्या ग्रुपवरील सर्व सभासदांना नमस्कार. ब-३०२ मध्ये सायंकाळपासून पाहुणे जमले असून त्यांचा हास्यविनोद आमच्या झोपण्याच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत आहे. ज्या घरातील सून उद्या पहाटे ब्रेव्हेसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साताऱ्याहून सहाशे किलोमीटरला निघणार आहे, त्या घरात आदल्या रात्री मैफल भरावी, हे आमच्या समजुतीपलीकडचे आहे. कोजागिरीचा विषय मी मुद्दाम काढत नाही.

अ-१०१ : त्याच पाहुण्यांची पांढरी गाडी माझ्या तीन नंबरच्या जागेत उभी आहे. ती काढावी, ही विनंती.

ब-३०२ : काका, मैफल वगैरे काही नाही. ही साडेआठलाच झोपली असून आम्ही चौघे मित्र जेवणाच्या टेबलावर प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे वाटेत हजेरी लावायच्या ठिकाणासाठी, वेगळी पिशवी भरत आहोत. शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेच्या पुड्या, कोरडे मोजे, मागच्या दिव्याचे सेल आणि बेळगावच्या पिशवीत बदलायची जर्सी. एकाने गुडघ्याचे मलम चिक्कीवरच सांडले, त्याचे हसू आले.

क-२०३ : भाऊ, पिशव्यांचे कौतुकच आहे. परंतु वहिनींनी ऊन-वारा खात पायडल मारायचे आणि आपण मित्रांसह एसी गाडीतून जाऊन कोल्हापुरात तांबडा-पांढरा ओरपायचा, रंकाळ्यावर फिरायचे, बेळगावला हॉटेलात उतरायचे, याला आमच्याकडे सोबत म्हणत नाहीत. सहज म्हणाले, राग नसावा.

अ-४०१ : मी पोवई नाक्यापर्यंत मोपेडवर गेलो तरी कंबर धरते. सहाशे म्हणजे मुंबईला जाऊन-येऊन वर पुन्हा पुणे!

ब-२०२ : थट्टा पुरे. रात्री महामार्गावर बाईमाणूस एकटे असताना नवऱ्याने गाडी मागे ठेवून दिव्यांचा उजेड तरी द्यावा, एवढी अपेक्षा गैर आहे काय?

ब-३०२ : काका, काळजी रास्त आहे, पण नेमके तेच नियमात बसत नाही. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो; ६०० किमी अंतर ४० तासांत स्वतःच्या बळावर पार करायचे असते आणि घरच्यांनी मदत करायची ती फक्त ठरलेल्या केंद्रांवर. मधल्या रस्त्यात मी गाडी मागे ठेवली किंवा पाण्याची बाटली जरी हातात दिली, तरी तिच्यावर कारवाई होऊ शकते. रात्रीसाठी पुढचे-मागचे दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचेच आहे. सकाळी सहाला सुटल्यावर ती कोल्हापूरला एकच्या सुमारास येईल, तोपर्यंत आम्ही रिकामेच असतो. त्या वेळात चार घास खाल्ले तर काय बिघडले? प्रत्येक केंद्र सुरुवातीपासूनच्या अंतराला ताशी १५ किमीच्या हिशेबाने जेवढा वेळ लागेल, तेवढ्या वेळाने बंद होते. आम्ही तिच्या आधी तिथे हजर असावे, बाटल्या भराव्यात, चेनला तेल घालावे आणि किती अंतर राहिले हे तिने विचारल्याशिवाय सांगू नये, एवढेच आमचे काम.

अ-१०१ : पांढरी गाडी अद्याप तीन नंबरमध्येच आहे.

क-२०३ : नियम असतील, पण लोकांना काय दिसते तेही पाहावे. आमचे हे यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन धावले, तेव्हा मी भर पावसात छत्री धरून उभी होते. मैत्रिणींना घेऊन कासची फुले पाहायला गेले नाही.

अ-४०१ : वहिनी, त्या दिवशी कासचा रस्ताच धावणाऱ्यांसाठी बंद होता. जाणार होतात कुठून?

क-२०३ : आपण आधी मेंटेनन्स भरावा, विनोद नंतर करावेत.

सचिव : मेंटेनन्सचा विषय कृपया येथे नको. तो सभेत होईल आणि नावानिशी होईल.

ब-३०२ (वहिनी) : आपल्या सर्वांच्या संदेशांनी मी जागी झाले आहे, म्हणून लिहिते. या मित्रांना मीच बोलावले आहे. चारशे किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या वेळी हे एकटेच आले होते. पहाटे तीनला मी कराडच्या केंद्रावर पोहोचले, तेव्हा हे स्टिअरिंगवर डोके टेकून झोपले होते, आणि तिथून साताऱ्यापर्यंत मला माझ्या पायांपेक्षा यांच्या गाडी चालवण्याचीच धास्ती लागून राहिली. चौघे असले की आळीपाळीने झोपतात आणि आळीपाळीने चालवतात. शिवाय उपाशी बसून माझ्यासाठी फार मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करणारा नवरा मला केंद्रावर नको असतो. तांबडा-पांढरा जेवून, कुणाची तरी खोड काढत उभे असलेले दिसले, की पुढचा तवंदी घाट मला सोपा जातो. आता फोन बंद करते.

ब-२०२ : सूनबाई, झोपमोड झाली याचे वाईट वाटते, अर्थात माझी मूळ तक्रारही झोपेचीच होती. यशस्वी होऊन या.

अ-१०१ : आणि गाडी?

ब-३०२ : मित्र किल्ली घेऊन खाली उतरला आहे, दादा. आपण तीन नंबरमध्ये नेमकी काय लावणार आहात, एवढे त्याला सांगावे. आपली गाडी गेल्या दिवाळीतच विकली गेल्याचे ऐकले.

सचिव : पहाटे साडेचारला गेट उघडण्याची सूचना वॉचमनला दिली आहे. ४० तासांची मुदत रविवारी रात्री दहाला संपत असल्याने त्या दिवशी पाण्याची मोटर उशिरापर्यंत चालू राहील. स्वागतास फटाके आणू नयेत.

क-२०३ : रविवारी रात्री पाच जणांचे पिठले-भाकरी आमच्याकडून येईल. भाऊंना तोवर भूक लागलेली असेल, अशी आशा आहे.